अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेचे नियमन व मूल्यमापन : तारापूर आणि जैतापूरच्या संदर्भात

बीजसंज्ञा : अणुऊर्जा नियामक मंडळ, सुरक्षा मूल्यमापन, तारापूर, जैतापूर, नियामकाची स्वायत्तता

प्रस्तावना

वऱ्हाडातील वाचकास वीज केंद्र म्हटले की पारसचे औष्णिक केंद्र आठवते. त्याचा धूर दिसतो, राख दिसते, आणि तक्रार करावयाची झाल्यास आसपासचा शेतकरी ती राख पुरावा म्हणून मुठीत धरून दाखवू शकतो. अणुवीज केंद्राच्या बाबतीत हे शक्य नाही. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्यास गंध नाही, आणि त्याचा परिणाम कित्येकदा वर्षानुवर्षे प्रकट होत नाही. त्यामुळे धोक्याची पडताळणी नागरिकाला स्वतः करता येत नाही. त्याच्या वतीने ती दुसऱ्या कोणी तरी करावी लागते. हे काम करणारी संस्था म्हणजे नियामक होय.

विदर्भात अणुवीज केंद्र नाही. महाराष्ट्रात उभारले गेलेले एकमेव केंद्र तारापूर येथे, म्हणजे पूर्वीच्या ठाणे व २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यात आहे; रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरचे केंद्र प्रस्तावित आहे. तेव्हा अकोल्यासारख्या ठिकाणच्या अध्यापकवर्गाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. तारापूरच्या अणुभट्टीची तपासणी करणारी जी संस्था, तीच जठारपेठेतील अथवा शहराच्या कोणत्याही भागातील रुग्णालयाच्या क्ष-किरण यंत्रासही परवाना देते. तिचे सामर्थ्य आणि तिचे दौर्बल्य दोन्ही आपल्या गल्लीपर्यंत पोहोचतात.

सुरक्षिततेच्या नियमनाचा विचार करताना तपासणीचे तंत्र आणि तपासणाऱ्याचे स्थान या दोन गोष्टींची वारंवार गल्लत होते. अणुऊर्जेचे समर्थक पहिल्या गोष्टीचे दाखले देतात, विरोधक दुसरीवर बोट ठेवतात, आणि परिणामी वाद पुढे सरकत नाही. प्रस्तुत लेखात या दोहोंचा वेगवेगळा विचार केला आहे. तंत्राच्या बाबतीत भारतातील व्यवस्था सर्वसाधारण समजुतीपेक्षा बरीच काटेकोर आहे. नियामकाचे स्थान मात्र चार दशके डळमळीत राहिले.

नियामक मंडळाची स्थापना

तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. त्या वेळी देशात स्वतंत्र असा अणुसुरक्षा नियामक नव्हता. सुरक्षेचा आढावा अणुऊर्जा विभागाच्या अंतर्गत समित्या घेत असत. १९७५ मध्ये विभागाची सुरक्षा पुनरावलोकन समिती अस्तित्वात आली. अमेरिकेत १९७९ साली थ्री माइल आयलंड येथे अपघात झाल्यानंतर जगभर या प्रश्नाचा पुनर्विचार झाला. भारतात १५ नोव्हेंबर १९८३ रोजी, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम २७ चा आधार घेऊन, राष्ट्रपतींच्या आदेशाद्वारे अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन करण्यात आले. 'एईआरबी' या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. कलम २७ हे अधिकार सोपविण्याचे कलम आहे. म्हणजे मंडळाला स्वतःचा कायदा नव्हता; केंद्र सरकारने आपले काही अधिकार त्याच्याकडे सोपविले होते, आणि जे सोपविले ते परत घेता येते. मंडळ अणुऊर्जा आयोगास उत्तरदायी होते. आयोगाचे अध्यक्षपद अणुऊर्जा विभागाच्या सचिवाकडे असते, आणि अणुवीज केंद्रे चालविणारे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनही त्याच विभागाच्या छत्राखाली. परीक्षा देणारा आणि परीक्षा घेणारा एकाच घरचे, अशी ही रचना होती. विद्यापीठीय परीक्षापद्धतीशी परिचित असणाऱ्या वाचकास यातील अडचण विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

मूल्यमापनाची पद्धती

नियामकाचे काम केंद्र उभे राहण्यापूर्वीच सुरू होते. स्थळनिश्चिती, बांधकाम, कार्यान्वयन, नियमित संचालन व अखेरीस केंद्र मोडीत काढणे या प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र संमती लागते. संमतीसाठी आलेल्या कागदपत्रांचा आढावा एका अधिकाऱ्याच्या सहीने संपत नाही. नव्या प्रकल्पाच्या आराखड्याची छाननी प्रथम विशेषज्ञांची समिती करते, त्यानंतर सल्लागार समिती, आणि शेवटी मंडळ. चालू केंद्रांसाठी प्रत्येक केंद्राची समिती आणि तिच्यावर 'सारकॉप' या नावाने ओळखली जाणारी पुनरावलोकन समिती आहे. संचालनाचा परवाना अधिकाधिक ५ वर्षांचा असतो आणि दर १० वर्षांनी सर्वंकष पुनरावलोकन होते.

या छाननीत नेमके काय पाहिले जाते? मुख्य प्रश्न तीनच आहेत : आपत्तीच्या वेळी अणुभट्टी बंद पडेल काय, बंद पडल्यावरही तिच्यात निर्माण होत राहणारी उष्णता काढून घेता येईल काय, आणि हे दोन्ही फसले तरी किरणोत्सारी द्रव्य इमारतीतच कोंडून राहील काय. यांपैकी दुसरा प्रश्न सामान्य वाचकाच्या नजरेतून निसटतो. कोळशाची भट्टी विझविली की विझते. अणुभट्टीतील विखंडन थांबविले तरी इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. म्हणून बंद केलेल्या अणुभट्टीलाही पाणी आणि ते फिरविण्यासाठी वीज लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू अणुभट्ट्या नियमाप्रमाणे बंद पडल्या होत्या. त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडविली, वीज गेली, आणि पुढचा अनर्थ घडला.

या प्रश्नांची उत्तरे दोन रीतींनी शोधली जातात. पहिल्या रीतीत विशिष्ट अपघात घडला असे गृहीत धरून (उदाहरणार्थ, शीतकाची मोठी नळी फुटली) एखादे उपकरण निकामी असतानाही भट्टी सुरक्षित राहते हे गणिताने सिद्ध करावे लागते. दुसरी रीत संभाव्यतेची. छोट्या छोट्या बिघाडांची साखळी होऊन गाभा वितळण्याची शक्यता किती, याचा हिशेब तीत केला जातो. जुन्या अणुभट्ट्यांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले लक्ष्य १०,००० अणुभट्टी-वर्षांत एकदा आणि नव्यांसाठी त्याच्या एक दशांश असे आहे. हा आकडा ऐकून निर्धास्त होणे सोपे असते. परंतु जगात ४०० अणुभट्ट्या चालू आहेत असे धरल्यास १०,००० अणुभट्टी-वर्षे अवघ्या २५ वर्षांत भरतात. संभाव्यतेचा आकडा हा दिलासा नसून तुलनेचे साधन आहे : कोणत्या दुरुस्तीने धोका किती घटतो, हे त्यावरून ठरते.

किरणोत्सर्गाच्या मर्यादाही मंडळच ठरविते. केंद्रातील कामगारास सलग ५ वर्षांत सरासरी दरसाल २० मिलिसिव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षाची कमाल ५० आहे, म्हणजे भारतीय नियम अधिक कडक. सामान्य नागरिकासाठी ती १ मिलिसिव्हर्ट आहे.

तारापूर : वृद्ध अणुभट्ट्यांची परीक्षा

मूल्यमापनाचे हे तंत्र प्रत्यक्षात कसे चालते, याचे उत्तम उदाहरण तारापूर येथेच सापडते. पहिल्या दोन भट्ट्या उत्कलन जल प्रकारच्या, म्हणजे स्थूलमानाने फुकुशिमाच्या कुळातील आहेत. मूळची प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमता पुढे १६० मेगावॉटवर आणावी लागली. सन २००० च्या सुमारास त्यांना ३० वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्या पुढे चालू द्याव्यात काय, हा प्रश्न मंडळासमोर आला. प्रा. सुहास सुखात्मे हे या काळात मंडळाचे अध्यक्ष होते.

१९६० च्या दशकातील आराखडा आजच्या निकषांवर तपासला की त्यात उणिवा दिसणारच. येथे आढळलेली महत्त्वाची उणीव अशी की आपत्कालीन विद्युत् व्यवस्थेचा बराच भाग दोन्ही भट्ट्यांना सामाईक होता. काटकसरीच्या दृष्टीने ही रचना सोयीची. परंतु एकाच बिघाडाने दोन्ही भट्ट्यांचा आधार जावा, ही स्थिती नंतरच्या सुरक्षाविचारास मान्य नाही. २००५ ची अखेर व २००६ चा आरंभ या काळात केंद्र बंद ठेवून अधिक क्षमतेची डिझेल जनित्रे बसविण्यात आली, दोन्ही भट्ट्यांच्या विद्युत् यंत्रणा विभक्त करण्यात आल्या आणि मुख्य नियंत्रण कक्ष निरुपयोगी झाल्यास वापरावयाच्या पूरक कक्षाची सोय झाली. यांपैकी पहिल्या दोन दुरुस्त्यांचे मोल २०११ नंतर नव्याने कळले. फुकुशिमा घडण्याच्या ५ वर्षे आधी झालेली ही कामे नियामकाच्या बाजूने नोंदविलीच पाहिजेत. २०११ नंतर बाहेरून पाणी जोडण्याच्या सोयी व भूकंप होताच भट्टी आपोआप बंद करण्याची व्यवस्था अशी भर पडली. २०२० पासून या दोन्ही भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवण्यात आल्या. पाण्याच्या पुनराभिसरणाच्या नळ्या बदलणे हे त्यातील प्रमुख काम होते.

तारापूरच्या शेजारीच, गुजरातेतील काक्रापार येथील पहिल्या भट्टीत ११ मार्च २०१६ रोजी एका शीतक नलिकेस तडा जाऊन जड पाण्याची गळती झाली. भट्टी आपोआप बंद पडली व आपत्कालीन शीतन यंत्रणेने काम केले. तथापि मंडळाने कारण कळल्याखेरीज ती पुन्हा चालू करण्यास संमती दिली नाही. तपासाअंती नलिकेच्या बाह्य पृष्ठभागावर गंजाचे ठिपके आढळले. नळीचा बाहेरचा भाग गंजेल अशी अपेक्षाच नव्हती. अखेर नलिका बदलून २०१९ मध्ये भट्टी पुन्हा सुरू झाली. आधीच्या कोणत्याही गणितात नसलेले कारण प्रत्यक्षात पुढे आले, हे या घटनेचे महत्त्व.

नरोरा, १९९५ चा अहवाल आणि न्यायालय

३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन वायूची गळती होऊन आग लागली, आणि आगीत विजेच्या तारा जळाल्याने केंद्रातील वीज सुमारे १७ तास पूर्णतः गेली. मूळ व आपत्कालीन पुरवठ्याच्या तारा पुरेशा वेगळ्या नसल्याने एकाच आगीने दोन्ही गिळल्या. आग विझविण्यासाठीच्या डिझेल पंपांनी पाणी पुरवून कर्मचाऱ्यांनी भट्टी थंड राखली. आंतरराष्ट्रीय ० ते ७ श्रेणीत ही घटना तिसऱ्या पायरीवर नोंदली गेली. पुढच्याच वर्षी, मे १९९४ मध्ये, कर्नाटकातील कैगा येथे बांधकाम चालू असलेल्या अणुभट्टीच्या घुमटाच्या काँक्रीटचा मोठा थर आतल्या बाजूने कोसळला.

या पार्श्वभूमीवर डॉ. ए. गोपालकृष्णन हे १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९९५ मध्ये, मंडळाने अणुऊर्जा विभागाच्या आस्थापनांतील सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल तयार केला. त्यात सुमारे १३० मुद्दे होते व त्यांपैकी ९५ तातडीचे मानले होते. अहवाल गोपनीय ठरविण्यात आला. तो जाहीर व्हावा यासाठी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ या संस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ती अमान्य झाल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती रोखण्याचा अधिकार देणारे कायद्याचे कलम १८ वैध ठरविले आणि याचिका फेटाळली.

हा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. मंडळाने आपले काम केले नाही, असे येथे म्हणता येत नाही. त्याने त्रुटी शोधल्या, मोजल्या, त्यांचा अग्रक्रम लावला. परंतु शोधलेले लोकांपुढे ठेवण्याचा अधिकार त्याच्या हाती नव्हता. दरम्यान सन २००० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आस्थापना मंडळाच्या देखरेखीतून काढून त्या केंद्राच्या अंतर्गत यंत्रणेकडे देण्यात आल्या. सोपविलेले अधिकार परत घेता येतात, हे वर म्हटले ते केवळ तात्त्विक नाही.

जैतापूर : परदेशी नियामकांची साक्ष

राजापूर तालुक्यातील माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या ६ फ्रेंच 'ईपीआर' अणुभट्ट्यांचे, एकूण ९,९०० मेगावॉटचे केंद्र योजिले गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटी घालून मंजुरी दिली. भूसंपादन, मासेमारी, आंबा-काजूच्या बागा यांवरून उठलेले आंदोलन सर्वपरिचित आहे. त्याचा ऊहापोह येथे अभिप्रेत नाही. पर्यावरण मंजुरी आणि अणुसुरक्षेची संमती या दोन स्वतंत्र बाबी आहेत, एवढे मात्र नमूद करावयास हवे. वृत्तपत्रीय चर्चेत त्या सर्रास एकच मानल्या गेल्या.

मंजुरी मिळाली त्या वेळी या प्रकारची एकही भट्टी जगात कोठेही वीज देत नव्हती. पहिली भट्टी चीनमधील ताइशान येथे डिसेंबर २०१८ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. फिनलंडमधील ओल्किलुओतो येथील २०२३ मध्ये. आणि फ्रान्समधील फ्लामानव्हिल येथील डिसेंबर २०२४ मध्ये जाळ्याला जोडली गेली. या विलंबाची कारणे अनेक. पण त्यांतील काही नियामकांनी उघडपणे उपस्थित केलेल्या आक्षेपांत आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटन, फ्रान्स व फिनलंड या तीन देशांच्या नियामकांनी संयुक्त निवेदन काढून, भट्टीची दैनंदिन नियंत्रण प्रणाली आणि आपत्कालीन सुरक्षा प्रणाली परस्परांत फार गुंतलेल्या आहेत, असा आक्षेप घेतला. एक बिघडली असता दुसरीने वाचवावयाचे, तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेंच नियामकाने फ्लामानव्हिलच्या दाबपात्राच्या पोलादात कार्बनचे प्रमाण ठिकठिकाणी अपेक्षेपेक्षा अधिक असल्याचे जाहीर केले. भट्टी फ्रेंच, उत्पादक फ्रेंच, वीज कंपनीही फ्रेंच, आणि दोष जगजाहीर करणारी संस्थाही फ्रेंचच. माडबनच्या ग्रामस्थांना आपल्या दारी येऊ घातलेल्या भट्टीविषयीची ही माहिती मुंबईहून नव्हे, पॅरिस आणि हेलसिंकीहून मिळाली.

पाचशे रुपये दंड

सन २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, अर्थात 'कॅग'ने, मंडळाच्या कामकाजाचा अहवाल संसदेत मांडला. मंडळास स्वतः नियम करण्याचा अधिकार नाही, देशाचे किरणोत्सर्ग सुरक्षा धोरण अस्तित्वात नाही, आणि नियमभंगासाठीचा कमाल दंड ५०० रुपये आहे, अशी निरीक्षणे त्यात होती. त्याच अहवालानुसार देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण सुविधांपैकी ५२,१७३ म्हणजे सुमारे ९१ टक्के नोंदणीविना चालू होत्या. राज्यागणिक किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय नेमण्याविषयीच्या २००१ च्या निर्देशांची अंमलबजावणीही अगदी मोजक्या राज्यांतच झाली होती.

हा आकडा तारापूरच्या कोणत्याही भट्टीपेक्षा अकोल्याच्या रहिवाशास अधिक जवळचा आहे. हाड मोडले म्हणून क्ष-किरण कक्षात गेलेला रुग्ण भिंतींची जाडी पुरेशी आहे काय, चालविणारा प्रशिक्षित आहे काय, हे विचारीत नाही. ते कोणी तरी पाहिले असेल असे तो धरून चालतो. १० पैकी ९ ठिकाणी ते पाहिले गेल्याची नोंदच नव्हती. मुंबईत बसून २ डझनांहून कमी अणुभट्ट्यांवर नजर ठेवणे आणि देशभरच्या हजारो यंत्रांवर नजर ठेवणे यांत मनुष्यबळाचा जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरे. पुढील काळात परवान्याची प्रक्रिया संगणकीय जाळ्यावर आणल्याने नोंदणी वाढली. परंतु ५०० रुपयांचा दंड हा मनुष्यबळाचा प्रश्न नव्हे. तो कायदेमंडळाने नियामकाचे मोल किती मानले याचा आकडा आहे.

कायद्याचा दीर्घ प्रवास

भारताने २००५ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय अणुसुरक्षा करारानुसार, नियामकाचे काम अणुऊर्जेच्या प्रसाराच्या कामापासून परिणामकारकपणे वेगळे राखणे बंधनकारक आहे. अमेरिकेने ही फारकत १९७५ मध्येच केली. जपानने ती फुकुशिमानंतर केली : उद्योगाचे संवर्धन करणाऱ्या मंत्रालयाच्या पोटातील जुनी यंत्रणा मोडून सप्टेंबर २०१२ मध्ये नवे प्राधिकरण नेमले. भारतातही सप्टेंबर २०११ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले, पण २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते व्यपगत झाले. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञ पथकाने मंडळाच्या तांत्रिक कामाची वाखाणणी केली आणि त्याच वेळी त्याचे स्वातंत्र्य कायद्याने सुरक्षित करावे अशी शिफारस केली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या, 'शांती' या संक्षिप्त नावाच्या कायद्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा व २०१० चा आण्विक नुकसान दायित्व कायदा यांची जागा घेण्याची तरतूद केली. त्यात नियामक मंडळाला प्रथमच वैधानिक दर्जा देण्यात आला. स्थापनेनंतर ४२ वर्षांनी हे घडले. त्याच कायद्याने अणुवीज निर्मितीचे क्षेत्र खाजगी कंपन्यांसही खुले केले, आणि माहिती गोपनीय ठरविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार कायम राखला.

या तिन्ही तरतुदी एकत्र वाचावयास हव्यात. आजवर अणुभट्टीचा मालक सरकार होते. तिच्यासंबंधीचा तपासणी अहवाल रोखण्यास राष्ट्रीय सुरक्षा हे एकच कारण पुढे करता येत असे. मालक खाजगी कंपनी झाल्यास व्यापारी गुपित हे दुसरे कारण उपलब्ध होते. वैधानिक दर्जा मिळाल्याने मंडळ कंपनीस भट्टी बंद करण्याचा आदेश अधिक ठामपणे देऊ शकेल. परंतु १९९५ सारखा अहवाल पुन्हा तयार झाला, तर तो प्रसिद्ध करण्याचा निर्णय मंडळ स्वतःच्या अधिकारात घेऊ शकेल काय, हे या कायद्याखालील नियम आणि त्यांचे न्यायालयात होणारे अन्वयार्थ यांवर अवलंबून राहील.